सरांनी मांडी घातली

हल्ली आसपासचं कोणी पहिल्यांदा परदेशी फिरायला निघालं, की त्याला बाजाररस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गाडी शिकायला नव्हे, ब्रेकसरांचं ऐकायला. सर आयुष्यात एकदाच परदेशी गेले, तेही आठवडाभर, पण सांगतात अशा थाटात की तिथली निम्मी रहदारी त्यांनीच मार्गी लावून दिली असावी. भिंतीतल्या प्लगची भोकं तिकडे वेगळी असतात, तेव्हा चार्जरचा जोड इथूनच घेऊन जा. नवे बूट प्रवासासाठी राखून ठेवू नका, आधी महिनाभर घालून त्यांची खोड मोडा. बॅग भरली की ती हातात घेऊन तीन मजले चढून बघा, नाही जमलं तर निम्मं सामान बाहेर काढा. रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद, दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा. बसचं तिकीट नुसतं खिशात बाळगून भागत नाही, ते बसमधल्या यंत्रात घालून त्यावर ठसा उमटवावा लागतो. आणि खोलीचं दार आपोआप लागतं, तेव्हा किल्ली आत ठेवून कचरा टाकायला बाहेर पडलात तर बनियनवर जिन्यात उभे राहाल. हे शेवटचं सर इतक्या बारकाव्यानिशी सांगतात, की बनियनवर कोण उभं होतं ते ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही.

सगळं खरं आहे आणि सगळं उपयोगी आहे. त्या प्रवासातला सगळ्यात मोठा धडा मात्र सर कोणाला सांगत नाहीत. तो मॅडमकडून ऐकावा लागतो, आणि त्यासाठी सर गाडी घेऊन बाहेर गेलेले असावे लागतात.

मॅडम म्हणजे सरांची बायको. स्कूलचं काउंटर त्यांच्याकडे, म्हणून शिकणारे सगळे त्यांना मॅडम म्हणतात, आणि चारचौघांत सरही म्हणतात. सरांना ब्रेकसर हे नाव पडलं ते शिकवण्याच्या गाडीमुळे. स्टिअरिंग उजवीकडे, शिकणाऱ्यापुढे, आणि डावीकडे सरांच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक. त्या ब्रेकवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. रस्त्यात कुत्रं आडवं आलेलं शिकणाऱ्याच्या डोळ्यांना दिसायच्या आधी सरांच्या पायाला कळायचं. त्यातूनही वेळ आलीच तर उजवा हात झपकन स्टिअरिंगवर जायचा आणि गाडी डाव्या कडेला खेचून आणायचा. डावी कड धरली की माणूस वाचला, हा त्यांचा मंत्र होता. त्यांच्या गाडीने आजवर कोणाला ओरखडाही काढला नाही, ही शेखी ते मिरवत, आणि ती खोटी नव्हती.

तोंडाने कौतुक करणं मात्र या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. फार झालं तर ‘हं’. तो ‘हं’ ऐकायला मिळाला की शिकणारा घरी जाऊन सांगायचा. पण सरांची एक पद्धत होती. गडी तयार झाला असं त्यांना वाटलं, की भर गर्दीच्या वेळी ते त्याला बाजाररस्त्यावर गाडी घालायला लावत, आणि तो फळांच्या गाड्यांपाशी पोचला की काही न बोलता आपले बूट काढून सीटवर मांडी घालून बसत. म्हणजे पाय ब्रेकवरून उचलले, आता गाडी तुझी, माणसं तुझी, कुत्रीही तुझीच. लायसन्स मिळालं हे लोक सांगत, पण ‘सरांनी मांडी घातली’ हे जास्त मोठ्याने सांगत. सरांची एकुलती एक लेक, घरात तिला ठकी म्हणतात, लहानपणी स्कूलच्या पायरीवर बसून परत येणाऱ्या गाडीकडे डोळे लावून असायची. काचेतून सरांचे गुडघे दिसले की ती काउंटरकडे धावायची आणि आईला बातमी द्यायची, आई, बाबांनी मांडी घातली.

ठकीसाठी मात्र त्यांनी कधी मांडी घातली नाही. अठराव्या वर्षी ती हौसेने त्यांच्याकडे शिकायला बसली. लेकीच्या बाबतीत सरांच्या पायाने कहर केला. ती ब्रेक दाबणारच असायची, तेवढ्यात त्यांनी दाबलेला असायचा. गाडी तिसऱ्या गिअरला म्हणून जाईना. एकदा बाजाररस्त्यावर असंच गाडीने गचका खाल्ला, तेव्हा पोरीने किल्ली काढली, समोर ठेवली आणि ती चालत घरी निघून गेली. पुन्हा तिने गाडीचं नाव काढलं नाही. सर लोकांना सांगत, सगळ्यांना जमतंच असं नाही, आमच्या ठकीला नजर नाही. ते मनापासून तसं समजत. पुढे ठकी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली, आणि ज्यांनी तिला नजर नाही म्हटलं त्यांच्याच चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी तीच काढून देऊ लागली.

परदेशी जायचं ठरवलं तेही ठकीनेच. कारण काउंटरमागे टांगलेलं कॅलेंडर. ते कुठल्या जमान्यातलं होतं कोण जाणे, तारखा बिनकामाच्या झाल्या होत्या, पण वरच्या चित्रासाठी मॅडम ते उतरवू देत नव्हत्या. डोंगरांच्या ओंजळीत एक निळं तळं आणि काठाला एक लाकडी बाक. घरात गाडी असून मॅडम कधी लांब फिरायला गेल्या नव्हत्या, कारण सुट्टीच्या दिवशीच तर शिकणाऱ्यांची झुंबड. पावत्या फाडता फाडता त्या चित्राकडे बघत आणि म्हणत, एकदा त्या बाकावर बसायचंय. ठकीने ते तळं कुठल्या देशात आहे ते शोधून काढलं, पैसे साठवले, तिकिटं काढली, आणि तळ्यापर्यंत जायला तिकडे भाड्याची गाडीही ठरवून टाकली. गाडी म्हटल्यावर सर खूश झाले. चालवायला आपण आहोतच, हे त्यांनी गृहीत धरलं, आणि मायलेकींनी त्यांना तसं धरू दिलं.

गाडी भाड्याने देणाऱ्या दुकानात काउंटरपलीकडच्या बाईने सरांकडे आंतरराष्ट्रीय परवाना मागितला. आता गंमत बघा. हा परवाना काढून देण्याचं काम सर स्वतः करतात. परदेशी निघालेल्या शेकडो लोकांच्या अर्जांवर त्यांनी चुटकीसरशी ठसे मारून आणलेत. स्वतःचा मात्र काढला नव्हता, कारण मला कोण विचारणार, अशी त्यांची समजूत. त्यांनी पाकिटातून आपलं शिक्षकाचं लायसन्स काढून रुबाबात पुढे सरकवलं. त्यावरचा फोटो भरघोस केसांचा आणि मजकूर सगळा आपल्या लिपीत. बाईने तो कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला, आणि हसून परत केला.

सर हुज्जत घालायच्या तयारीत असतानाच ठकीने पर्समधून एक करड्या रंगाची छोटी पुस्तिका काढून काउंटरवर ठेवली. तिच्या नावाचा परवाना. तिचा फोटो. सर कधी त्या पुस्तिकेकडे, कधी लेकीकडे बघत राहिले. कुठे शिकलीस, असं त्यांनी विचारलं. ठकीने सही करता करता सांगितलं, समोरच्यांकडे.

समोरचे म्हणजे बाजाररस्त्याच्या पलीकडच्या बाजूची दुसरी स्कूल. सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. रस्ता ओलांडून जायचं, तेही त्यांच्या नाकासमोरून, आणि त्यांना पत्ता नाही. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम दुकानाच्या छताचे दिवे मोजल्यासारखं वर बघत होत्या.

सर तणतणत बाहेर गेले, गाडीचं पुढचं डावं दार उघडलं आणि आयुष्यभर बसले तसे धाडकन आत बसले. समोर स्टिअरिंग. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं, हे सरांनी विद्यार्थ्यांना कैकदा समजावून दिलं होतं. पण ते डोक्याला माहीत होतं, कमरेला नव्हतं. ठकी दाराशी उभी राहून शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, ती माझी जागा.’’

त्या दिवशी सर पुढे उजवीकडे बसले, मॅडम मागे, ठकीच्या पाठीशी. तिथे त्यांच्या पायाशी काहीही नव्हतं, नुसती जाजमाची पट्टी. ती पट्टी त्यांनी गावाबाहेर पडेपर्यंत चुरगळून टाकली. ठकी चांगली चालवत होती, हे त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं, पण पाय ऐकत नव्हता. चौकात दाब, वळणावर दाब, पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला की दाब. त्यातून तोंडाचा पट्टा चालूच. अंतर ठेव, आरसा बघ, डावीकडे घे. डावीकडे नाही बाबा, इथे उजवीकडे, असं ठकीने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, मग सांगायची थांबली.

एका खेड्यातल्या गल्लीत ते घडलं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, गल्ली जेमतेम दीड गाडीची, आणि समोरून पावाची डिलिव्हरी करणारी व्हॅन आली. ठकीने वेग कमी केला, गाडी उजव्या भिंतीलगत घ्यायला लागली. तेवढ्यात सरांचा हात सुटला. डावी कड धरली की माणूस वाचला. त्यांनी स्टिअरिंग धरून डावीकडे वळवलं, म्हणजे सरळ व्हॅनच्या अंगावर. ठकीने सगळा जोर लावून ते परत फिरवलं आणि ब्रेक दाबला. फट्‌ असा आवाज झाला आणि डाव्या बाजूचा आरसा मोडून वायरला लोंबकळू लागला.

व्हॅनचा ड्रायव्हर उतरला. गोलमटोल माणूस, अंगावर पिठाचे डाग. त्याने आत डोकावून बघितलं, कोणाला लागलं नाही ना याची खात्री केली, आणि व्हॅनमधून जाड चिकटपट्टी आणून आरसा बांधून दिला. मग त्याने सरांच्या हाताकडे बोट दाखवलं, स्वतःच्या मांडीवर दोन थापा मारल्या आणि निघून गेला. भाषा कळायची गरज पडली नाही. हात इथे ठेवा.

ठकीने व्हॅन पुढे जाऊ दिली. तिने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि समोर बघतच बोलली. ‘‘आजवर तुम्ही माझा ब्रेक दाबत होतात बाबा. आज स्टिअरिंगच घेतलंत. हा हात आणखी जोरात गेला असता तर आई संपली असती.’’

सरांनी तो हात मांडीखाली दाबून धरला. ज्याच्या हाताखाली कधी कोणाला ओरखडा आला नाही, त्याच्याच हाताने आज घात होत होता, आणि हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथूनच मागे फिरून मुक्कामाच्या ठिकाणी परत आल्यावर ठकीने किल्ली टेबलावर ठेवली. मी आता चालवणार नाही, गाडी परत करून टाकू, तळं राहू दे, असं तिने सांगितलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. किल्ली ठेवायची तीच जुनी रीत. मॅडमनी चहा केला, तिघांचे कप भरले, आणि एक कप दाराबाहेर ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सर आणि मॅडम दोघंच बसने गावात गेले. मॅडमनी बस कार्यालयात विचारलं, तळ्याकडे जाणारी बस कुठून सुटते. खिडकीतल्या माणसाने मान हलवली. हंगाम संपला, आता बस पुढच्या वर्षी. परवा परतीचं विमान. म्हणजे उद्याचा दिवस, आणि तळ्यापर्यंत नेऊ शकणारं माणूस एकच, ते खोलीत दार लावून बसलेलं. मॅडमनी बरं म्हटलं आणि त्या बाहेर आल्या. रडल्या नाहीत, कुरकुर केली नाही. सरांना तेच जास्त झोंबलं. बायको भांडली असती तर बाजू तरी मांडता आली असती.

परतीच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. पहिला थांबा आला तशी मॅडमनी सरांच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या थांब्यालाही ठेवला. तिसऱ्याला सरांनी विचारलं, हे काय चाललंय.

‘‘अहो, तिथे काही नाहीये,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘विमान उतरतानाही तुम्ही दाबत होतात. परवा तर लिफ्टमध्ये.’’

सरांनी खाली बघितलं. त्यांचा बूट बसच्या फळीवर असा रुतला होता, की बोटं पांढरी पडली असणार. त्यांनी पाय उचलला. पुढच्या थांब्याला तो आपोआप खाली गेला. तेव्हा सरांना पहिल्यांदा त्या पायाची भीती वाटली. हा पाय कोणाचं ऐकत नाही, मालकाचंही नाही. शिकवण्याच्या गाडीत त्याने माणसं वाचवली, हे खरं. पण गाडीबाहेर तो कोणाकोणाच्या पुढ्यात असा रुतून बसला असेल, याचा त्यांनी आजवर विचार केला नव्हता.

मग त्यांनी मॅडमना विचारलं, समोरच्यांकडे असं काय मिळालं तिला. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. तिथल्या शिकवणाऱ्या बाई फारसं बोलत नाहीत, एवढंच. चूक झाली तर होऊ देतात, मग विचारतात, काय झालं सांग. ठकी तीन वेळा फुटपाथवर चढली आणि चौथ्यांदा चढली नाही. मला का सांगितलं नाहीस, सरांचा आवाज चढला. सांगितलं असतं तर तुम्ही रस्ता ओलांडून त्या बाईंनाही शिकवून आला असतात, मॅडम म्हणाल्या. यावर सरांना हसू आलं, आणि त्या प्रवासात ते स्वतःवर पहिल्यांदाच हसले.

संध्याकाळी ठकी अंगणात गाडीजवळ उभी होती. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, ती ते पुन्हा बसवत होती. सर तिच्या शेजारी गेले. माफी मागायची सवय नसलेला माणूस जसा बोलतो, तसे बोलले. आधी चिकटपट्टीच्या चिकटपणाबद्दल, मग हवेबद्दल, मग पूर्ण विमा घ्यायचा तिचा निर्णय किती बरोबर होता याबद्दल, जो घेऊ नको म्हणून त्यांनीच दुकानात डोकं खाल्लं होतं. ठकी ऐकून घेत होती.

‘‘उद्या आईला तळं दाखव,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘मी मागे बसतो. तोंड उघडलं तर वाटेत उतरवून दे.’’

ठकीने त्यांच्याकडे निरखून बघितलं, डोळे तपासताना बघते तसं. ‘‘खरंच उतरवीन हं बाबा.’’

‘‘उतरव,’’ सर म्हणाले.

सकाळी मॅडम पुढे बसल्या, सर मागे. चढणीचा रस्ता वळणावळणाचा, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कठडा आणि कठड्यापलीकडे काही नाही. सर मूग गिळून बसले. शपथ फक्त तोंडाची होती, पायाची नव्हती, त्यामुळे प्रत्येक वळणावर मॅडमच्या पाठीला सीटमधून ढुशा बसत होत्या. पाच-सहा ढुशा सोसल्यावर मॅडमनी मागे न बघताच सांगितलं, अहो, माझं तळं बघायचं राहील आणि मणका मोडेल. ठकी फिस्सकन हसली. तिचे खांदे खाली आले, आणि त्यानंतर गाडी कशी लोण्यासारखी चालली. सरांना ते कळलं. त्यांना ते सांगायचं होतं. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि मोकळ्या रस्त्यात उतरायची त्यांची इच्छा नव्हती.

तळं होतं. चित्रापेक्षा जरा लहान आणि वारा असा, की कान गळून पडतील. बाकही होता, फक्त एक फळी नवी घातलेली. मॅडम बाकावर बसल्या आणि आजूबाजूला बघत म्हणाल्या, कॅलेंडरवाल्याने इकडचं झाड छापताना कापून टाकलंय, बघा. एवढी वर्षं मला हे झाड माहीतच नव्हतं. असं म्हणून त्या झाडाकडे बघून हसत राहिल्या. सरांना वाटलं, एवढ्यासाठी ही बाई इतकी वर्षं पावत्या फाडत थांबली, आणि आपण कधी एक सुट्टी काढली नाही. ते तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी आपला मफलर तिच्या कानांवरून गुंडाळला.

उतरताना ढग खाली आले. बघता बघता रस्ता पांढरा झाला, दहा पावलांपुढचं काही दिसेना. त्यात वळणांनी मॅडमना मळमळायला लागलं. ठकीने रस्त्याच्या कडेला, गाड्यांसाठी केलेल्या रुंद जागेत गाडी उभी केली. मॅडम मागे आडव्या झाल्या, खिडकी बोटभर उघडली, डोळे मिटले. उतरणीला कठडा उजव्या अंगाला होता, आणि तिकडे बघायला आता पुढे कोणी नव्हतं. डावा आरसा चिकटपट्टीवर जगत होता. ठकीने उजव्या काचेतून धुक्याकडे वाकून बघितलं. मग तिने बाहेर उभ्या असलेल्या सरांना काच खाली करून हाक मारली.

‘‘बाबा, पुढे या. उजवीकडची कड मला दिसत नाहीये. तुम्ही सांगा.’’

नको, असंच सरांच्या मनात आधी आलं. मागे बसून गप्प राहणं एक वेळ जमलं होतं, पण पुढे, स्टिअरिंगच्या इतक्या जवळ, या धुक्यात, आणि मागे आडवी पडलेली बायको. हात पुन्हा सुटला तर? ते डाव्या दाराशी गेले, दार उघडलं, तिथे ठकी. इकडे मी आहे, ती म्हणाली. ते वळसा घालून उजवीकडे गेले, बसले, पट्टा लावला. पायाशी तीच जाजमाची पट्टी, अजून चुरगळलेली. उजवा पाय तिच्यावर जाऊन बसलासुद्धा.

सरांनी त्या पायाकडे बघितलं. मग ते वाकले. पोट मध्ये येत होतं, पट्टा गळ्याला काचत होता, नाड्या थंडीने कडक झालेल्या. एक बूट निघाला, मग दुसरा. त्यांनी दोन्ही बूट कडेला सारले, आणि गुडघे दाराला नि मधल्या खोक्याला घासत, कण्हत, एक पाय वर घेतला, त्यावर दुसरा घेतला. मोज्याच्या अंगठ्याला भोक होतं. दोन्ही हात त्यांनी पावाच्या व्हॅनवाल्याने दाखवले होते तसे मांडीवर ठेवले.

ठकी बघत होती. ती अठरा वर्षांची असताना हे झालं असतं, तर ती धावत काउंटरकडे गेली असती. आता ती एकतीस वर्षांची होती आणि तिला स्टिअरिंग सोडता येत नव्हतं.

‘‘कठडा हातभर लांब आहे,’’ सर समोर बघत म्हणाले. ‘‘तुझ्या अंदाजाने जा. छान चालवतेस.’’

मागून मॅडमचा दमलेला आवाज आला. गाडी का थांबलीये, काय झालं, असं त्या डोळे न उघडता विचारत होत्या.

‘‘काही नाही आई,’’ ठकी म्हणाली. ‘‘बाबांनी मांडी घातली.’’

आणि तिने गाडी काढली.